पहिल्या पावलाची जागा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलत असत. बोलतात ती आताही, पण तेव्हा माणसं थांबून ऐकत.

त्या काळी एक देश होता. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्र, आणि मधे नदी, माळ, शेतं, गावं असं सगळं काही. देशातली माणसं भारी स्वच्छ होती. उजाडलं की घराघरांतून खराट्यांचा आवाज यायचा. अंगण झाडून व्हायचं, सडा पडायचा, रांगोळी निघायची. आणि अंगणातला केर? तो रांगोळीच्या पलीकडे. रांगोळीपर्यंत आपलं आणि त्यापुढे सरकारचं, असं तिथे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. सरकारला विचारलं तर सरकार म्हणायचं, ते सगळ्यांचं आहे. आणि सगळ्यांना विचारायला जावं, तर सगळे एकाच वेळी घरी सापडायचे नाहीत.

या देशाच्या राणीला मुलगी झाली. तिचं मोठं लांबलचक नाव ठेवलं गेलं, पण हाक मारताना सगळे तिला चिमीच म्हणत.

त्या राजघराण्यात एक रीत होती. पुढे गादीवर बसायचं त्या मुलानं पहिलं पाऊल राजवाड्यात टाकायचं नाही. ते टाकायचं बाहेर, सगळ्यांच्या जागेत, उघड्या मातीवर. ज्या मातीवर राज्य करायचं, तिची पायांशी आधी ओळख व्हावी म्हणून. जागा आईनं निवडायची. पाऊल पडलं की तिथे ओल्या कुंकवानं त्याची खूण काढायची, आणि मग त्या जागेची झाडलोट जन्मभर आईनं करायची. पण पहिलं पाऊल चुकून राजवाड्याच्या आत पडलं, तर ते मूल आतलंच राहायचं. त्याला गादी नाही.

राजाचं पहिलं पाऊल राजचौकात पडलं होतं. त्याची आई होती तोवर चौक आरशासारखा होता. ती गेली, आणि आता त्या खुणेवर विड्यांची टपरी होती.

राणी शिकलेली होती. चिमी व्हायच्या आधी तिनं मूल वाढवण्यावरच्या सगळ्या पोथ्या वाचून काढल्या होत्या, आणि त्यामुळे तिला कशाचीच खात्री उरली नव्हती. एक पोथी म्हणायची, मुलाला ऊन दाखवा. दुसरी म्हणायची, उन्हापासून जपा. म्हणून राणी चिमीला रोज सकाळी उन्हात न्यायची आणि लगेच आत आणायची. दोन्ही पोथ्यांचा मान राहायचा.

एका गोष्टीत मात्र ती पक्की होती. चिमीच्या हातून जमिनीवर पडलेली वस्तू पुन्हा चिमीच्या हातात जायची नाही. बाहुली पडली, खिडकीबाहेर. दुपटं पडलं, खिडकीबाहेर. खिडकीखाली काय साचलंय ते राणीनं कधी पाहिलं नव्हतं. वाकून पाहायला गेलं तर कडेवरची चिमी कलंडली असती.

चिमी मोठी होत गेली आणि कडेवर मावेनाशी झाली. एके दिवशी वैद्यांनी तिचे गुडघे दाबून पाहिले.

"राणीसाहेब, हे पाय केव्हाच तयार झालेत," ते म्हणाले. "आणखी उशीर केलात तर ते कडेवर बसायलाच शिकतील. मग चालायला लागतील कधी, ते मी सांगू शकत नाही."

"आणखी म्हणजे किती?" राणीनं विचारलं.

"तुम्ही हे विचारताय तेवढाही नको."

त्याच संध्याकाळी चिमी राणीच्या कडेवरून सुळकन खाली घसरली. तिचे अंगठे फरशीला टेकणार, एवढ्यात दाईनं तिला काखेत धरून वर उचललं. ही दाई म्हणजे राजवाड्यातली जुनी बाई. राजालाही तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं, त्यामुळे ती कुणाला भीत नसे.

"थोडक्यात गादी वाचली," दाई म्हणाली. "आता निघा बाई जागा शोधायला. माझे हात काही तरुण होत नाहीयेत."

राणी राजाकडे गेली. "कुठली जागा घेऊ?"

"तू ठरवशील ती," राजा प्रेमानं म्हणाला.

"आणि चुकली तर?"

"तर तूच ठरवलेली असेल," राजा तितक्याच प्रेमानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रथ निघाला. रथात राणी, दाई आणि चिमी. मागे सामान घेऊन एक करडं गाढव. आणि सगळ्यांच्या पुढे घोड्यावर शोभाप्रधान. देश चांगला दिसतो की नाही हे पाहायला राजानं हा प्रधान नेमला होता, आणि देश चांगला दिसावा म्हणून प्रधानानं हिरव्या कापडाचे मोठमोठे तागे बनवून घेतले होते.

पहिल्यांदा लागला राजचौक. टपरीभोवतीची जमीन पिचकाऱ्यांनी लाल झाली होती. पलीकडे ओळीनं कोनशिला उभ्या होत्या. प्रत्येक कोनशिलेवर कोरलेलं होतं, 'येथे बाग होणार आहे'.

"बाग कुठे आहे?" राणीनं विचारलं.

"कोनशिलांना जागा करायला झाडं काढावी लागली, राणीसाहेब," शोभाप्रधान म्हणाला. "पण पायाभरणी अगदी पक्की आहे. आजवर एकही कोनशिला हललेली नाही."

राणीनं चिमीला घट्ट धरलं आणि रथ पुढे घ्यायला सांगितला.

शहर संपल्यावर पहिल्याच वळणावर एक वड होता. खाली दगडी पार, पारापुढे भुसभुशीत माती. वाऱ्यानं वाळकी पानं एका कडेला सारून ठेवली होती. पारंब्यांतून ऊन गाळून येत होतं. रथ जेवायला तिथेच थांबला.

दाईनं मातीवर तळवा टेकवून पाहिला. "गार आहे. जागा बरी आहे, राणीसाहेब. टेकवा पोरीला."

राणीलाही जागा आवडली. तिथेच तर अडचण झाली. पहिलीच जागा कशी घ्यायची? पुढे याहून चांगली असली तर? आणि इतक्या चांगल्या जागेत मुंग्या नसतील कशावरून?

"बघू पुढे," ती म्हणाली. "हे आहेच."

राजवाड्याच्या पत्रावळी लाल दोऱ्यानं शिवलेल्या असत. त्यांवर जेवणं झाली. जेवताना चिमीच्या हातातला लाखेचा लाल खुळखुळा मातीत पडला. चिमीनं दोन्ही हात पुढे केले.

"नाही हं बाळा. तो पडला आता," राणी म्हणाली.

चिमीनं असा काही सूर लावला की रथाच्या बैलांनी चारा खायचं थांबवलं. पण राणी बधली नाही. रथात घाण राहायला नको, म्हणून दाईनं उष्ट्या पत्रावळी, केळ्यांच्या साली, चिमीचं तोंड पुसलेली फडकी आणि ओली दुपटी पाराखाली नीट ठेवली. राणीनं खुळखुळा पायानं त्यांच्याजवळ सरकवला. रथ आतून लखलखीत झाला.

गाढव म्हणालं, "हे बरोबर न्यायचं नाही का? माझी डावी बाजू जरा रिकामी आहे."

"घाण कुणी बरोबर नेतं का रे?" राणी हसून म्हणाली, आणि रथ निघाला.

वळणापर्यंत चिमी मागे वळून वळून वडाकडे बघत होती.

पुढे डोंगर लागला. लांबून काय हिरवागार दिसत होता. राणीचं मन निवलं. पण रथ जवळ जाऊ लागला तसा डोंगर फडफडू लागला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि डोंगराचा कोपरा उचलला गेला.

"हे माझ्याच पाठीवरून गेलं पुढं, काल रात्री मुक्कामावरनं," गाढव म्हणालं. "ओळखीचं वजन आहे."

राणीनं रथ थांबवला आणि कापड वर केलं. पाठीमागे डोंगर होता, पण अर्धाच. उरलेला कुणीतरी सुरीनं कापून नेल्यासारखा सपाट कातरला होता.

पायथ्याच्या गावचे पाटील नमस्कार करून उभे होते. राणीनं त्यांना विचारलं, "उरलेला डोंगर कुठे गेला?"

"गेला नाही, राणीसाहेब, वाटला," पाटील म्हणाले. "ज्याला जेवढा पाहिजे तेवढा नेला. खालच्या गावांच्या जोत्यांत आहे, पुलाच्या खांबांत आहे. थोडा तुमच्या नव्या सज्ज्यातबी आहे."

राणीनं हातातलं कापड खाली सोडलं. चिमीला डोंगराची हवा मिळावी म्हणून तो सज्जा तिनंच हट्टानं बांधून घेतला होता.

मग लागला नदीकाठचा गाव. तिथल्या घाटाचं नाव देशभर होतं. पायऱ्या रुंद, काळ्याभोर, सुबक. फक्त त्या नदीत उतरत नव्हत्या. त्या भोपळ्याच्या वेलात उतरत होत्या.

"नदी कुठे आहे?" राणीनं घाटावरच्या भटजींना विचारलं.

"ती काय, तिकडे. हल्ली जरा अंग चोरून असते," भटजी म्हणाले.

पलीकडे एक बारीकशी धार निर्माल्यातून वाट काढत होती. सुकलेले हार, पानांचे द्रोण, फुटकी मडकी, विसरलेले देव. एक गृहस्थ आले, डोळे मिटून त्यांनी पिशवीभर केर भक्तिभावानं धारेत सोडला आणि हात जोडले.

"आमची आई आहे हो ती," भटजी म्हणाले. "आईला सगळं चालतं."

"हे कुठे सांगितलंय?" राणीनं विचारलं.

"पोथीत असेल कुठंतरी."

"मी सगळ्या वाचल्यात," राणी म्हणाली. "आईला अमुक एक चालतं, असं एकाही पोथीत नाही. तिनं काय काय करू नये एवढंच आहे."

दाई खो खो हसली. ती हसली म्हणून चिमीही हसली. भटजींना मात्र आठवेना की आपण शेवटची पोथी उघडली ती कधी.

नदीनंतर माळ. माळावर झाड म्हणून नव्हतं, पण मधोमध एक नवीकोरी धर्मशाळा होती. पांढऱ्या भिंती, मोठं अंगण, आणि दाराला डोक्याएवढं कुलूप. बाहेर उन्हात वाटसरू बसले होते. दारापाशी एक रखवालदार खराटा घेऊन उभा होता.

"आत घाण आहे का?" राणीनं विचारलं. तिला आता तेवढंच विचारायची सवय लागली होती.

रखवालदाराला राग आला. "घाण? एक कण दाखवा. उघडल्यापासून कुणी आत पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे उघडलेलीच नाही."

"का बरं?"

"उघडली तर लोक येतील ना."

"पण लोकांसाठीच बांधलीय."

"म्हणून तर लोकांपासून जपतोय," तो म्हणाला.

राणीला पहिल्यांदा त्याचं बोलणं अगदी पटलं. मग तिची नजर चिमीच्या पायांकडे गेली. गुलाबी, मऊ, एक रेघ न उमटलेले तळवे. कुणी न वापरलेले. राणीनं पुन्हा एकदा कुलपाकडे पाहिलं. पण कुलूप मोठं होतं, किल्ली शहरात कुणाकडे तरी होती आणि ऊन चढत होतं. रथ पुढे निघाला.

शेवटी समुद्र लागला, आणि देश संपला.

एवढ्या लांबच्या लांब किनाऱ्यावर वाळू दिसत नव्हती. फुटक्या टोपल्या होत्या, तुटक्या वहाणा होत्या, नदीतले हार होते, कुठल्याशा जत्रेतले द्रोण होते. लाटा एकेक वस्तू आणून ठेवत होत्या.

जाळं सोडवत बसलेली एक कोळीण म्हणाली, "बाय, समुद्र कुनाचं काय ठेवून घेत नाय. दिलंव तं परत आनून देतो. पन घर इसरतो, मंग आमच्याच दारात टाकतो."

शोभाप्रधान घोड्यावरून उतरला. त्याचा चेहरा पडला होता. "राणीसाहेब, समुद्राला पुरेल एवढं कापड माझ्याकडे नाही."

"आणि मला पोहता येत नाही," गाढव म्हणालं. "म्हणजे पुढं जायचा विचार असेल तर सांगून ठेवतो."

राणी तिथल्या एका पालथ्या होडीवर बसली. चिमी तिच्या मांडीवर उभी राहून पाय झाडत होती. आता त्या पायांत पूर्वीचा जोर नाही असं राणीला वाटलं. मग वाटलं, आपल्याला उगीच वाटतंय. मग वाटलं, उगीच वाटतंय असं म्हणत आपण आणखी उशीर करतोय.

"एवढा मोठा देश," ती म्हणाली. "आणि त्यात माझ्या पोरीचं एवढंसं पाऊल मावेल एवढी जागा नाही."

शोभाप्रधान पुढे झाला. "एक उपाय आहे. राजवाड्याच्या दारात आपण वाळू पसरू. चाळलेली, धुतलेली, उकळून वाळवलेली. भोवती पहारा ठेवू. नाव देऊ, सगळ्यांची जागा."

खरं सांगायचं तर राणीनं 'उकळून' हा शब्द ऐकला आणि तिचं मन डळमळलं.

"पहारा कशाला?" दाईनं विचारलं.

"सगळे येऊ नयेत म्हणून," शोभाप्रधान म्हणाला.

दाईनं राणीला धर्मशाळेच्या कुलपाची आठवण दिली. राणीनं मान खाली घातली. पण दुसरं सुचत काही नव्हतं. परतीच्या वाटेवर ती वाळूचाच विचार करत होती. माळ गेला, नदी गेली, अर्धा डोंगर गेला. कुठेही थांबायचं तिच्या मनात आलं नाही.

मग अचानक तिला आठवलं. "अहो दाई, तो वड. आपण जाताना जेवलो तिथला. ती जागा किती चांगली होती."

"मी म्हटलंच होतं तेव्हा," दाई म्हणाली.

"मुंग्या असल्या तर असू देत," राणी म्हणाली. एवढं धाडसाचं वाक्य तिनं आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं.

रथ वळणाशी आला. वड तोच होता. पार तोच होता. पण पारापुढे माती दिसत नव्हती. तिथे उकिरडा झाला होता. उष्ट्या पत्रावळी, साली, चिंध्या, खापरं. येणारा जाणारा आपापली भर घालून गेला होता. चार वाटसरू नाक धरून पाराच्या टोकाला बसले होते, आणि त्यांच्यासमोर एक काकड्या विकणारी बाई पाटी घेऊन बसली होती.

राणीचा संताप झाला. इतके दिवस गिळलेला सगळा राग तिथे बाहेर आला.

"कोण ही माणसं? कसली ही माणसं? एवढी सुंदर जागा, आणि तिची ही दशा. यांना काही वाटत नाही का? यांना लहान मुलं नाहीत का?"

"आहेत की," गाढव म्हणालं. "एक तरी आहे."

"म्हणजे?"

"ढिगाच्या तळाशी बघा. त्या पत्रावळींचा लाल दोरा ओळखीचा वाटत नाही?"

राणीनं पाहिलं. अगदी खाली, सगळ्यांच्या आधी ठेवल्यासारख्या, लाल दोऱ्याच्या पत्रावळी होत्या. त्यांच्यावर दुपटी होती, कडेला मोर विणलेली. ते मोर राणीनं चिमी पोटात असताना स्वतः विणले होते.

काकडीवाल्या बाईनं सांगितलं, "आधी इथं काय नव्हतं बघा. कुणीतरी मोठ्या घरची माणसं जेवून गेली. त्यांनी टाकलं, मग लोकांना वाटलं, ही टाकायचीच जागा आहे."

राणी रथातून त्या मोरांकडे वाकली. चिमीभोवतीचा तिचा हात सैल पडला.

आणि नेमकी तेव्हाच चिमीला ढिगाच्या कडेला लाखेचं लाल टोक दिसलं. तिचा खुळखुळा. गावोगाव, डोंगर नदी समुद्र सगळीकडे ती जो शोधत होती आणि तिला कुणाला सांगता येत नव्हतं, तो तिचा खुळखुळा. चिमी आईच्या हातातून घसरली, रथाच्या कडेला धरून खाली उतरली, एक क्षण झुलली, आणि चालली.

केळ्याच्या सालीवर एक पाऊल. राजवाड्याच्या पत्रावळीवर दुसरं. मातीत तिसरं. मग ती फतकल मारून बसली, खुळखुळा उचलला, आणि राणी धावत पोचेपर्यंत तो तोंडात घातला.

खुळखुळा वाजत होता.

सगळ्यात आधी शोभाप्रधान भानावर आला. तो राणीच्या कानाशी म्हणाला, "कुणी पाहिलेलं नाही. आपण उचलून घेऊ, आणि उद्या वाळूवर पहिलं पाऊल पुन्हा टाकू."

"पहिलं पाऊल पुन्हा कसं टाकतात?" दाईनं विचारलं.

"वाजतगाजत," प्रधान म्हणाला.

"मी पाहिलंय," गाढव म्हणालं. "पण माझं काय, मी गाढव आहे. लोक म्हणतील, गाढवाचं काय ऐकायचं."

वाटसरूंनी एकमेकांकडे पाहिलं. काकडीवाली बाई पाटीतल्या काकड्या उगाच नीट लावू लागली. त्यांना कळलं होतं की राणीनं नाही म्हटलं तर आपणही काही पाहिलेलं नसणार.

राणी उकिरड्यात उभी होती. मनात दोन राण्या भांडत होत्या. एक म्हणत होती, उचल, पूस, धू, वैद्यांना बोलाव. दुसरी नुसती बघत होती. चिमीचे पाय काळे झाले होते. त्यांना केळ्याची साल चिकटली होती. आणि चिमी हसत होती, सगळे असलेले नसलेले दात दाखवून. इतकी खूश ती चाळलेल्या, धुतलेल्या, उकळलेल्या कुठल्याच गोष्टीनं कधी झाली नव्हती.

"पहिलं पाऊल पडलं," राणी मोठ्यानं म्हणाली. "इथे पडलं, आमच्याच उष्ट्यात पडलं, आणि मी ते पाहिलं. दाई, कुंकू काढा. आणि खराटा द्या."

"खराटा आणलाय कुणी?" दाई म्हणाली. "आपण स्वच्छ माणसं. आपल्याला प्रवासात कशाला लागतोय?"

शेवटी काकडीवालीनं आपला खराटा दिला. राणीनं पदर खोचला. तिला झाडायची सवय नव्हती. पहिल्या फटक्याला सगळी धूळ तिच्याच तोंडावर आली. दाईनं तिला खराटा कसा धरायचा ते दाखवलं. वाटसरू बघत बसले होते. त्यांतला एक उठला आणि स्वतः टाकलेली खापरं मुकाट्यानं वेचू लागला. मग दुसरा उठला.

"हे सगळं टाकायचं कुठे?" राणीनं विचारलं.

"रस्त्याच्या पलीकडे," शोभाप्रधान म्हणाला.

"पलीकडे कोण राहतं?"

शोभाप्रधान कुदळ शोधायला गेला.

मग पाराच्या मागे खड्डा खणला गेला. पत्रावळी आणि साली त्यात गेल्या, वडाच्या मुळांना खत म्हणून. दुपटी आणि फडकी धुवायला वेगळी काढली. ती सगळी गाढवाच्या डाव्या बाजूला नीट मावली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," गाढव म्हणालं. त्या दिवशी ते वाक्य म्हणायचा मान त्याला आणि दाईला दोघांनाही मिळाला.

माती मोकळी झाली. सडा पडला. दाईनं ओल्या कुंकवानं छोटी छोटी पावलं काढली. काकडीवालीनं सगळ्यांना काकड्या कापून दिल्या. चिमी त्या कुंकवाच्या पावलांवरून पुन्हा पुन्हा चालली आणि तिनं सगळी नक्षी पुसून टाकली. कुणी तिला रागावलं नाही.

रीतीप्रमाणे त्या जागेची झाडलोट राणीकडे आली. ती रोज सकाळी खराटा घेऊन वडाखाली यायची. राणी झाडते हे पाहायला बायका जमू लागल्या, कडेवर आपापली मुलं घेऊन. पाहता पाहता एकीनं आपलं मूल तिथे खाली ठेवलं. दुसरीनं ठेवलं. मग शोभाप्रधानाच्या हिरव्या ताग्यांच्या झोळ्या शिवल्या गेल्या आणि पारंब्यांना बांधल्या गेल्या. त्या कापडानं आयुष्यात प्रथमच काही झाकलं नाही. ते मुलांना झुलवू लागलं. झोळ्या बांधायचं काम प्रधानाकडेच दिलं, आणि तो त्यात इतका रमला की त्याला शोभेची आठवणही राहिली नाही.

ही बातमी गावोगाव गेली. बाया म्हणू लागल्या, राजकन्येच्या पावलाला जागा आहे, तर आमच्या पोरांच्या पावलाला का नको? नदीकाठच्या एका बाईनं घाटाची खालची पायरी धुतली आणि आपला मुलगा तिथे उभा केला. दुसऱ्या दिवशी केराची पिशवी घेऊन आलेले गृहस्थ डोळे मिटणार, एवढ्यात त्यांना पायरीवर कुंकवाची पावलं दिसली. ते थबकले. ती त्यांच्याच नातवाची होती. पिशवी घेऊन ते घरी परत गेले.

अर्ध्या डोंगरावर एका आईनं आपली जुळी मुलं चालवली, आणि उरलेल्या डोंगरावर पहार मारायला पुन्हा कुणाचा हात धजला नाही. माळावरच्या धर्मशाळेचं कुलूप रखवालदाराच्या लेकीनंच काढायला लावलं, कारण तिच्या बाळाला बाहेरचं ऊन सोसेना. राजचौकातली टपरी राजानं स्वतः हलवायला लावली. खालून त्याच्या आईनं जपलेली खूण निघाली. ती पाहायला तो तिथेच उकिडवा बसला. मग त्यानं उठून खराटा मागवला. कोनशिलांची पुढे छान बाकडी झाली, आणि त्यांच्यामागे खरंच झाडं लावली गेली.

एका रात्रीत सगळा देश लखलखला असं काही झालं नाही. कुठे जागा साफ झाली, कुठे पुन्हा घाण झाली, पुन्हा साफ झाली. पण किनाऱ्यावरची ती कोळीण सांगायची, की आता लाटा कधी कधी नुसत्या शिंपल्याच आणतात.

आणि राणी? ती तशीच राहिली. चिमीनं माती खाल्ली की ती अजूनही पोथी उघडायची. एक पोथी म्हणायची, चालतं. दुसरी म्हणायची, चालत नाही. मग राणी दोन्ही मिटायची आणि आपला खराटा घेऊन वडाखाली जायची. चिमी तिच्यापुढे धावत असायची.

चिमी पुढे गादीवर बसली आणि तिनं चांगलं राज्य केलं. तिला सिंहासनावर फार वेळ बसवत नसे. ती सारखी चालत असायची, देशभर. आणि जिथे जाईल तिथे तिच्या कमरेला एक जुना, रंग उडालेला लाल खुळखुळा वाजत असायचा. तो ऐकू आला की लोक आपापल्या रांगोळीच्या बाहेर येऊन रस्त्याकडे एक नजर टाकत.

बोध : उंबऱ्याबाहेर टाकलेली घाण शेवटी आपल्याच मुलाच्या पायाखाली येते, म्हणून जी जागा सगळ्यांची आहे ती आधी आपली समजावी.